हळद-बेदाणा केक मध्येच बसतो, लाल ठिपके पडतात. आणि आठवडी बाजारात स्टॉल लावायचाय

वाटीभर_खपली

नमस्कार मंडळी. सांगलीत घरगुती बेकिंग करते. खपली गहू, गूळ, बेदाणा, हळद असं सगळं इथलंच घेऊन चहाबरोबर खायचा एक केक बसवायचा आहे. तो जमला की आठवडी बाजारात टेबल मांडायचं डोक्यात आहे.

सध्याचं माप: खपलीचं पीठ २०० ग्रॅम, गूळ १८० ग्रॅम (गरम दुधात विरघळवून), दही १५० ग्रॅम, दूध १०० मिली, तेल ८० मिली, हळद अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर १ टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, बेदाणा ८० ग्रॅम. ९ बाय ४ इंची लांबट साचा, ओटीजी १८० अंशांवर, ४० मिनिटं.

केक झकास फुगतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत मधोमध बसतो. कापला की तळाला चिकट ओला थर, बेदाणा सगळा त्या थरात. रंग पिवळा यायचा तो तपकिरी येतो आणि मधूनच कुंकवासारखे लाल ठिपके. दूध कधी कधी फाटतं. पिशवीत भरून ठेवला की तिसऱ्या दिवशी बुरशी.

शिवाय बाजारात केक ठेवावा की बिस्किटं, भाव कसा काढायचा, नोंदणी काय लागते, तेही सांगा. हळदच काढून टाक असा सल्ला घरातून रोज मिळतो. पण सांगलीत राहून हळदीला नाही म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

भट्टीवाला_मिरज

हळद काढू नका. दुखणं कुठे आहे ते तीच दाखवते आहे.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार तुमच्या केकात चाललाय. सोडा म्हणजे क्षार. दह्याच्या आंबटपणाने मारला गेला तेवढा ठीक, उरलेला हळदीला लाल-तपकिरी करतो. ठिपका दिसतो तिथे सोड्याचा न विरघळलेला खडा होता. सगळाच केक तपकिरी म्हणजे एकूणच सोडा उरतोय. (थोडी तपकिरी झाक गुळाचीही असते, पण लाल ठिपका गुळाने पडत नाही.) कापाचा वास घेऊन बघा, साबणासारखा येत असेल.

आता हिशेब. साधारण १२० ग्रॅम दह्याला पाव टीस्पून सोडा पुरतो. तुम्ही १५० ग्रॅमला अर्धा टाकताय. फुगवण्याच्या कामात सोडा बेकिंग पावडरच्या चौपट धरतात, म्हणजे तुमचा अर्धा टीस्पून सोडा दोन टीस्पून पावडरीबरोबर, वर एक टीस्पून पावडर वेगळीच. एकूण तीन. २०० ग्रॅम पिठाला पावणेदोन टीस्पूनच्या आसपास बास होते. जास्तीच्या वायूने केक भराभर वर येतो, आतलं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे फुटतात आणि छप्पर खाली येतं. म्हणजे लाल ठिपके आणि बसलेला मध्य या दोन तक्रारींचं मूळ एकाच चमच्यात आहे.

दुसरं दुखणं ओलाव्याचं. २०० ग्रॅम पिठाला २५० ग्रॅम दही-दूध, त्यात गूळ १८०. गुळात स्वतःचं पाणी असतं आणि तो ओलावा धरूनही ठेवतो. खपलीला एवढं पेलत नाही.

हे माप करून बघा: खपली १५०, मैदा ५०, गूळ १४० ग्रॅम, पाणी ६० मिली, दही १२० ग्रॅम, तेल ७० मिली, बेकिंग पावडर पाऊण टीस्पून, सोडा पाव टीस्पून (सुरीने सपाट करून), हळद अर्धा टीस्पून, चिमूटभर मीठ, बेदाणा ८०. दूध नको. गरम दुधात गूळ गेला की गुळातल्या आम्लाने आणि क्षारांनी ते फाटतं, रोज नाही पण नेमकं ऑर्डरच्या दिवशी. गूळ त्या ६० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा, उकळू नका, फडक्यातून गाळा. तळाला चिपाडाचे तुकडे आणि कचकच किती निघते ते बघून ठेवा, पुढच्या वेळी कोणत्या दुकानातून गूळ आणायचा ते ठरेल. फार पिवळाधमक गूळ घेऊ नका, रंग उजळायला त्यात बरेचदा हायड्रॉस पावडर घातलेली असते. काळपट, मऊसर ढेप केकला बरी. पाक पूर्ण गार झाल्यावरच दह्यात घाला.

पीठ, पाक, दही, तेल, हळद एकत्र करून २० मिनिटं झाकून ठेवा म्हणजे कोंडा भिजतो. सोडा, पावडर दोन चमचे कोरड्या मैद्याबरोबर दोनदा चाळून अगदी शेवटी घाला आणि लगेच साच्यात ओता. सोडा दह्यावर आधीच घालून फेस बघत बसायची सवय असेल तर ती मोडा, अर्धा जोर भांड्यातच जातो. पीठ इडलीच्या पिठाहून घट्ट हवं, पळी वाकडी केली की ओघळू नये, धपकन पडावं. साचा दोन तृतीयांशच भरा.

१८० अंश गुळाच्या केकला जास्त होतात. वरून काळा, आतून कच्चा. १६५ ते १७० वर, खालच्या खाचेत, ४५ ते ५० मिनिटं, वरचा रंग आला की फॉइलचा तुकडा सैल ठेवा. ओटीजीचा आकडा आणि आतलं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो, त्यामुळे आत ठेवायचा छोटा तापमापक घ्याच. पहिली ३५ मिनिटं दार उघडायचं नाही.

सडलेला_गहू

वरचं सगळं मान्य, मैदा सोडून. पाटीवर 'खपलीचा केक' लिहायचं आणि आत पाव हिस्सा मैदा, हे मला पटत नाही. करायचंच असेल तर पाटीवर तसं लिहा.

नुसत्या खपलीचाही केक उभा राहतो, साचा बदला. खपलीतलं ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) ताणलं जातं पण धरून ठेवत नाही, त्यामुळे ९ इंची साच्यात मधल्या भागाला आधार मिळत नाही. ५ बाय अडीच इंची छोटे साचे घ्या, प्रत्येकी २०० ग्रॅम कालवलेलं मिश्रण. भिंती जवळ असल्याने मध्य लवकर शिजतो, २८-३० मिनिटांत काम होतं. पाणी ६० ऐवजी ७५ मिली करा आणि भिजवण्याचा वेळ अर्धा तास. घोटू मात्र नका. मैद्याचा केक जास्त फेटला तर रबरासारखा होतो, खपलीचा जास्त फेटला तर सैल पडतो आणि काप भुगा होऊन हातात येतो.

गिरणीबद्दल दोन गोष्टी. खपली सडून, टरफल काढूनच आणा. गिरणीत तुमच्या आधी काय दळलं ते विचारा. बाजरी किंवा हरभरा गेला असेल तर आधी कुणाचा तरी गहू जाऊ द्या, नाहीतर तुमच्या पहिल्या अर्ध्या किलोत मागचं पीठ येतं आणि केकला कडवट वास लागतो. बारीक दळायला सांगा. दळण गरम असताना डब्यात कोंबू नका, कापडावर पसरून गार करा. पंधरा दिवसांना पुरेल एवढंच दळा, कोंड्यासकट पीठ असल्याने तेलकट वास लवकर धरतं.

आणि कृपा करून खपलीच्या पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहू नका. खपली गहूच आहे. काही जण बिनधास्त छापतात. ज्याला गहू चालतच नाही त्याच्या जिवाशी खेळ होतो.

वाटीभर_खपली

धन्यवाद! कुंकवाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. बेदाणा आणि बाजाराचं कुणी सांगेल का?

जाळीवरचा_बेदाणा

बेदाणा खाली जातो कारण पीठ पातळ आणि बेदाणा ओला. पीठ घट्ट झालं की निम्मं काम झालं, बाकीचं हे.

लांबट सोनाका जातीचा बेदाणा घेऊन पैसे घालवू नका. तो मिठाईच्या दुकानात दिसायला ठीक. केकला बारीक, गोल, दुसऱ्या प्रतीचा बेदाणा चालतो, चवीत फरक नाही, आणि बारीक असल्याने तरंगतोही बरा. तिसऱ्या प्रतीत काड्या, देठ फार. पैसे वाचतात पण निवडायला तास जातो, आणि एक काडी दाताखाली आली की ते गिऱ्हाईक गेलं. कुठलाही घेतला तरी ताटात पसरून हात फिरवाच.

पिवळ्याधमक बेदाण्याला शेडमध्ये गंधकाची धुरी दिलेली असते. कोमट पाण्यात दोनदा धुवा, मग १५ मिनिटं भिजत ठेवा, निथळा आणि कापडावर तासभर सुकवा. सुका बेदाणा तसाच घातला तर तो केकमधलं पाणी ओढतो आणि भोवतीचा भाग कोरडा पडतो. न सुकवता घातला तर तळ गाठतो. सुकल्यावर चमचाभर पिठात घोळवून निम्मा मिश्रणात, निम्मा साच्यात ओतल्यावर वरून पेरा. वरचा भट्टीत आपोआप निम्म्यापर्यंत उतरतो.

खरेदी फेब्रुवारी ते एप्रिल, नवा माल येतो तेव्हा. चार किलोच्या आसपास द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो, तेव्हा कुणी फारच स्वस्त देत असेल तर मूठ आवळून बघा: चिकटून गोळा झाला तर पुरता वाळलेला नाही. असा बेदाणा डब्यात आंबतो. वर्षभराचा घेतला तर घरी फ्रीजमध्ये, बाहेर उन्हाळ्यात काळा पडतो.

आणखी एक. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते बघून लोक पाकिटावर मानांकनाचं चिन्ह छापायला जातात. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असल्याशिवाय ते करू नका. घटकांच्या यादीत काय वापरलं ते साधं लिहा, गिऱ्हाइकाला तेवढं कळतं.

काटा_तराजू

बाजाराचं मी सांगतो.

आधी भाव. माल नव्हे, काप मोजा. वरच्या ९ इंची मापाचं मिश्रण साधारण ६६० ग्रॅम होतं, भाजून ५८०च्या आसपास उरतं, त्याचे ६० ग्रॅमला थोडे वर असे ९ काप. समजा खपली ९० रुपये किलो, मैदा ४०, गूळ ६०, बेदाणा ३००, दही ८०, तेल १५० रुपये लिटर. म्हणजे साडेतेरा, दोन, साडेआठ, चोवीस, साडेनऊ, साडेदहा, आणि पावडर-हळद-कागदाचे चार. ७२ रुपये. बघा, त्यातला तिसरा हिस्सा एकटा बेदाणा खातो. २००० वॅटचा ओटीजी तासभर चालला तरी थर्मोस्टॅटमुळे सव्वा युनिटच्या आसपास जातं. एका खेपेत दोन साचे लावलेत तर केकमागे ६ रुपये धरा. खोका आणि लेबल १२. झाले ९०. दहातला एक विकला जात नाही असं धरलं की ९० चे १०० होतात. तुमची मजुरी: तीन तासांत सहा केक, तासाला ८० रुपये, म्हणजे केकमागे ४०. जागेची पावती आणि रिक्षा मिळून ३०० रुपये वीस केकांवर वाटले तर १५. एकूण १५५. काप २५ ला दिला तर २२५ येतात. २० ला दिला तर १८०, आणि दोन काप चव बघायला गेले की १४० वर येता. मजुरी न धरता भाव लावणारे बरेच आहेत, त्यांच्याशी भावात लढू नका. तुमच्या गावचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा.

नोंदणी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची छोट्या व्यावसायिकासाठीची नोंदणी फॉस्कॉस संकेतस्थळावर होते. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा आणि टेबलावर नोंदणीची प्रत लावायची. एजंटाची गरज नाही. आधीच बंद केलेल्या पाकिटावर पदार्थाचं नाव, जास्तीकडून कमीकडे घटक, निव्वळ वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, बॅच क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, आणि गहू, दूध असल्याचा स्पष्ट उल्लेख. चौकोनातला हिरवा ठिपका. अंडं घातलंत तर हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो. गुळाच्या केकवर 'शुगर फ्री' किंवा 'मधुमेहींसाठी' लिहाल तर तो खोटा दावा आहे, गूळ साखरेचाच भाऊ.

वजनावर सुटं विकणार असाल तर काट्याला वैधमापन खात्याचा (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का हवा, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून घ्यायचा. घरच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा बाजारात नेऊ नका. पुढेमागे गॅसवरची भट्टी घेतलीत तर घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या.

जागा. आठवडी बाजारात चार ते सात ही खरी वेळ. भाजीने पिशवी भरलेला माणूस ५८० ग्रॅमचा केक उचलत नाही, काप आणि १०० ग्रॅमचं पाकीट उचलतो. पश्चिमेचं ऊन थेट मालावर येईल अशी जागा टाळा. एप्रिल-मेमध्ये क्रीम, बटरचं आयसिंग, चॉकलेटचा लेप असलं काही आणूच नका, तासाभरात त्याची कढी होते. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर गुळाच्या वासाने मुंग्या तुमच्या आधी हजर. झाकणाच्या पारदर्शक बरण्या, चिमटा, दहा-वीसच्या नोटांत ५०० रुपये सुट्टे, क्यूआर प्लास्टिकमध्ये घालून. भावाची पाटी हाताएवढ्या अक्षरांत. भाव विचारायला लाजून पुढे जाणारे पुष्कळ असतात.

पहिल्या दिवशी ४० काप आणि २५ पाकिटं, त्याहून जास्त नको. केक अंड्याविनाच ठेवा. श्रावण, चतुर्थी, सोमवार सगळं निभतं.

उकडीची_भाकरी

फक्त गोड घेऊन बसू नका. भडंगाच्या गावात संध्याकाळी सहाला लोकांना तिखट-खारं लागतं. ज्वारीची खारी बिस्किटं ठेवा, मालही स्वस्त आणि उरला तरी पुढच्या बाजाराला चालतो.

ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, कणीक १००, लोणी किंवा तूप ११०, पिठीसाखर १५, मीठ १ टीस्पून, तीळ २ मोठे चमचे, ओवा १ टीस्पून, ठेचलेला लसूण ४ पाकळ्या, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, लागेल तसं दही दोन-तीन चमचे. ज्वारीत धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून भाकरीला घेतो तशी त्यातल्याच ७५ ग्रॅम पिठाची ६० मिली उकळत्या पाण्यात उकड काढा, पूर्ण गार करा, मग बाकीच्यात मळा. उकड गरम असताना तूप घातलं तर ते वितळून सुटतं आणि बिस्किटं ट्रेवर पसरतात. ताजं दळण घ्या. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी तुटते तसंच बिस्किटही कडेने चिरतं.

अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, काट्याने टोचा, १६० अंशांवर २० ते २२ मिनिटं. बाहेर काढायची घाई नको: ओटीजी बंद करून दार बोटभर उघडं ठेवा आणि दहा मिनिटं आतच राहू द्या. उरलेला ओलावा तेव्हा जातो. एक बिस्किट मोडून बघा, मध्ये गडद पट्टा दिसला तर ते अजून ओलं आहे, संध्याकाळपर्यंत नरम पडेल. पावसाळ्यात गार झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत डबा बंद व्हायला हवा, रात्रभर ताटात राहिलेली बिस्किटं सकाळी चिवट असतात.

एक सांगायचं राहिलं, दिवाळीच्या आधी अजून कितीतरी घरांतून रवा-तूप-साखर घेऊन लोक बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणतात. तेव्हा 'घरचं साहित्य, भाजून दिलं' हा धंदा डोक्यात ठेवा. त्यात माल पडून राहायची भीती नाही.

वाटीभर_खपली

नवं माप केलं. बसला नाही, पिवळा आला, बेदाणा मध्यावर. छोटे साचेही आणले, नुसत्या खपलीचा त्यात खरंच उभा राहतो. आता बुरशीचं सांगा. आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या केकात घातली तर?

भट्टीवाला_मिरज

बुरशी पिशवीत होते, केकात नाही. वरून गार लागतो म्हणून भरता, आत अजून ऊब असते, तिची वाफ प्लास्टिकला आतून धरते आणि थेंब केकवर पडतो. साच्यातून दहा मिनिटांत काढा, जाळीवर तीन तास, खालून हवा लागेल असा. ताटात ठेवलात तर बूड घामेजतं. काप दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरी आणि पाट कोरडे, सुरी कांद्या-भाजीला वापरलेली नको. भरल्यावर तासाने पिशवीच्या आतून बोट फिरवा. ओलं लागलं तर सगळी खेप उघडून पुन्हा गार करा.

तारीख अंदाजाने छापू नका. प्रत्येक खेपेतले दोन काप विकायच्या पिशवीतच बंद करून कपाटात ठेवा आणि रोज उघडून वास, स्पर्श, चव लिहा. ज्या दिवशी पहिला फरक कळला त्याच्या दोन दिवस आधीची तारीख टाका. पावसाळ्यात आणि मेमध्ये हे पुन्हा करायचं, हिवाळ्यातला आकडा तेव्हा चालत नाही.

स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच. कच्ची घातली तर तुमचा चिकट थर परत येईल. अर्ध्या कापून १२० अंशांवर तासभर सुकवा, मग ६० ग्रॅमपर्यंत चालेल. पण या केकात हळद आहे. सोडा चुकला तर हळद लाल होईल आणि स्ट्रॉबेरी निळसर-करडी, आणि तो काप कुणी उचलणार नाही. तिला सोडा नसलेल्या, फक्त बेकिंग पावडरच्या केकात घाला.

सडलेला_गहू

पाटीवर काय लिहिलंत ते कळवा. मैदा आहे की नाही?

वाटीभर_खपली

छोट्या साच्यात नाही. मोठ्या केकच्या पाटीवर 'खपली १५०, मैदा ५०' असंच लिहिलंय.